व्यवस्थापकीय खच्चीकरण

व्यवस्थापकीय खच्चीकरण म्हणजे वरिष्ठाच्या सातत्यपूर्ण वर्तनामुळे त्याच्या हाताखालील कर्मचाऱ्यांचा उत्साह, आत्मविश्वास आणि पुढाकार घेण्याची वृत्ती क्रमाक्रमाने क्षीण होत जाण्याची प्रक्रिया होय. सर्वांदेखत पाणउतारा करणे, प्रत्येक लहानसहान निर्णय स्वतःच्या हाती ठेवणे, दुसऱ्याच्या कामाचे श्रेय घेणे, चुकीबद्दल धारेवर धरणे परंतु चांगल्या कामाची दखल न घेणे, तसेच गरजेच्या वेळी मार्गदर्शन न करणे ही या वर्तनाची प्रमुख रूपे मानली जातात. संघटनात्मक वर्तनशास्त्र, औद्योगिक मानसशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य या तिन्ही शाखांमध्ये या विषयाचा अभ्यास होतो. अशा वर्तनाचा परिणाम केवळ कर्मचाऱ्याच्या मनःस्थितीवर होत नाही. संस्थेतील माहितीचा प्रवाह, चुका उघड होण्याचे प्रमाण आणि नव्या कल्पना मांडल्या जाण्याची शक्यता यांवरही तो होतो, असे अभ्यासांतून दिसून आले आहे.

संज्ञा आणि व्याप्ती

या विषयासाठी अभ्यासकांनी वेगवेगळ्या संज्ञा वापरल्या आहेत. अमेरिकन संशोधक बेनेट टेपर यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात जाचक पर्यवेक्षणाची व्याख्या केली. वरिष्ठ आपल्याशी किती प्रमाणात सतत वैरभावाचे शाब्दिक वा अशाब्दिक वर्तन करतो याविषयीची कर्मचाऱ्याची जाणीव, असा या व्याख्येचा आशय आहे. शारीरिक मारहाण तीत समाविष्ट नाही. या व्याख्येतील दोन घटक महत्त्वाचे आहेत. पहिला म्हणजे सातत्य : एखाद्या दिवशी वरिष्ठाचा तोल जाणे म्हणजे जाचक पर्यवेक्षण नव्हे. दुसरा म्हणजे जाणीव : वर्तनाचे मोजमाप ते सहन करणाऱ्याच्या अनुभवावरून केले जाते.

रॉब क्रॉस, वेन बेकर आणि अँड्र्यू पार्कर यांनी २००३ साली हाच विषय ऊर्जेच्या परिभाषेत मांडला. संस्थेतील कोणाशी बोलल्यानंतर उत्साह वाढतो आणि कोणाशी बोलल्यानंतर तो ओसरतो, हे कर्मचाऱ्यांना विचारून त्यांनी संबंधांचे जाळे रेखाटले. उत्साह शोषून घेणाऱ्या व्यक्तींना इतर लोक शक्य तेवढे टाळतात आणि त्यामुळे त्यांच्याकडे असलेले ज्ञानही वापराविना पडून राहते, असे त्यांनी नमूद केले. अशी व्यक्ती सहकारी असल्यास तिला टाळता येते. ती वरिष्ठ असल्यास मात्र टाळणे शक्य नसते, कारण कामाचे वाटप, रजा, बढती आणि मूल्यमापन तिच्याच हाती असते.

कठोर शिस्त आणि खच्चीकरण या भिन्न गोष्टी आहेत. उच्च दर्जाची अपेक्षा ठेवणारा, चुका स्पष्टपणे दाखवणारा वरिष्ठ या व्याख्येत बसत नाही. टीकेचा रोख कामावर आहे की व्यक्तीवर, आणि टीकेनंतर सुधारण्यास वाव मिळतो की नाही, हे यातील भेदाचे निकष होत.

अभ्यासाचा इतिहास

नेतृत्वशैलीचा समूहाच्या वर्तनावर होणारा परिणाम प्रयोगाने तपासण्याचा आरंभीचा प्रयत्न कर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी अमेरिकेतील आयोवा येथे केला. १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे दहा वर्षे वयाच्या मुलांच्या छंदमंडळांना हुकूमशाही, लोकशाही आणि मोकाट सोडणारे असे तीन प्रकारचे नेते देण्यात आले. हुकूमशाही पद्धतीच्या गटांमध्ये नेता उपस्थित असेपर्यंत काम भरपूर होई. तो खोलीबाहेर गेला की कामाचा वेग घसरे. लोकशाही गटांमध्ये नेत्याच्या अनुपस्थितीतही काम बऱ्याच अंशी चालू राही. भीतीपोटी होणारे काम देखरेख असेपर्यंतच टिकते, या पुढील काळातील निष्कर्षाचे मूळ या प्रयोगात सापडते.

डग्लस मॅकग्रेगर यांनी १९६० साली व्यवस्थापकांच्या मनातील गृहीतकांचे ‘क्ष’ आणि ‘य’ असे दोन सिद्धान्त मांडले. माणूस मुळात कामचुकार असून त्याला धाकात ठेवावे लागते, हे ‘क्ष’ सिद्धान्ताचे गृहीतक होय. अनुकूल परिस्थितीत माणूस स्वतःहून जबाबदारी स्वीकारतो, हे ‘य’ सिद्धान्ताचे गृहीतक होय. धाकात ठेवलेले लोक कालांतराने खरोखरच जबाबदारी टाळू लागतात आणि त्यामुळे व्यवस्थापकाचा मूळचा समज पक्का होतो, याकडे मॅकग्रेगर यांनी लक्ष वेधले. गुणवत्ता व्यवस्थापनाचे प्रवर्तक डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांच्या प्रसिद्ध चौदा सूत्रांपैकी आठवे सूत्र संस्थेतून भीती हद्दपार करण्याविषयी आहे.

प्रकार

खच्चीकरणाचे पुढील प्रकार सामान्यतः आढळतात.

जाचक वर्तन : ओरडणे, टोमणे मारणे, सर्वांसमोर अपमान करणे, जुन्या चुका पुन्हा पुन्हा उकरून काढणे, मुद्दाम अबोला धरणे.

अतिनियंत्रण : इंग्रजीत यास ‘मायक्रोमॅनेजमेंट’ म्हणतात. प्रत्येक मसुदा, प्रत्येक ईमेल आणि प्रत्येक लहान खर्च मंजुरीसाठी अडवून ठेवला जातो. यात अपमान नसला तरी कर्मचाऱ्याच्या निर्णयक्षमतेवर अविश्वास व्यक्त होतो.

सर्वज्ञ वृत्ती : बैठकीत प्रश्नही वरिष्ठानेच विचारायचा आणि उत्तरही त्यानेच द्यायचे, अशी पद्धत. लिझ वाइझमन आणि ग्रेग मॅककीऑन यांनी ‘मल्टिप्लायर्स’ या २०१० सालच्या पुस्तकात इतरांची बुद्धी खुंटवणाऱ्या नेत्यांचे साम्राज्य उभारणारा, जुलमी, सर्वज्ञ, एकट्याने निर्णय घेणारा आणि अतिनियंत्रक असे पाच प्रकार सांगितले आहेत. सद्हेतू असलेले व्यवस्थापकही नकळत असे वागतात, असे प्रतिपादन त्यांनी केले. सतत नव्या कल्पना सुचवणारा, प्रत्येक अडचणीत स्वतः धावून जाणारा किंवा प्रत्येक संदेशाला सर्वांत आधी उत्तर देणारा वरिष्ठ ही त्याची उदाहरणे होत.

दुर्लक्ष : निर्णय न घेणे, प्रश्नांना उत्तर न देणे, वाद मिटवण्याचे टाळणे. नॉर्वेतील संशोधकांच्या मते ही केवळ नेतृत्वाची उणीव नसून विघातक नेतृत्वाचाच एक प्रकार आहे. तेथील पाहणीत विघातक वर्तनाच्या प्रकारांपैकी हाच प्रकार सर्वाधिक आढळला.

प्रेरणेवर होणारे परिणाम

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या स्वयंनिर्णय सिद्धान्तानुसार माणसाच्या आंतरिक प्रेरणेला तीन मूलभूत मानसिक गरजांचे पोषण लागते. स्वायत्तता, सक्षमतेची जाणीव आणि इतरांशी आपुलकीचे नाते या त्या गरजा होत. अतिनियंत्रणामुळे स्वायत्ततेवर, सततच्या दोषारोपामुळे सक्षमतेच्या जाणिवेवर आणि अपमान वा दुर्लक्षामुळे आपुलकीच्या नात्यावर आघात होतो. या गरजा दीर्घकाळ अपूर्ण राहिल्यास कर्मचारी काम सोडून देतोच असे नाही. बहुधा तो नेमून दिलेले तेवढेच करू लागतो. अशा वेळी पगार, बढतीची आशा आणि शिक्षेची भीती या बाह्य प्रेरणाच शिल्लक राहतात.

टेरेसा ॲमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर यांनी सात कंपन्यांतील २६ प्रकल्पगटांच्या २३८ कर्मचाऱ्यांकडून दररोज संध्याकाळी दैनंदिनी भरून घेतली. अशा सुमारे १२,००० नोंदींचे विश्लेषण २०११ साली ‘द प्रोग्रेस प्रिन्सिपल’ या पुस्तकात प्रसिद्ध झाले. अर्थपूर्ण कामात थोडी का होईना प्रगती झाल्याची जाणीव, ही कर्मचाऱ्यांच्या चांगल्या दिवसांत सर्वाधिक वेळा आढळलेली घटना होती. कामात आलेल्या अडथळ्यांचा नकारात्मक परिणाम हा प्रगतीच्या सकारात्मक परिणामापेक्षा अधिक तीव्र असल्याचेही दिसून आले. त्यामुळे मंजुरी अडवून ठेवणारा, उद्दिष्टे वारंवार बदलणारा किंवा पूर्ण झालेले काम कारण न देता बाजूला सारणारा व्यवस्थापक एकही कठोर शब्द न उच्चारता कर्मचाऱ्यांचे खच्चीकरण करू शकतो.

वरिष्ठाकडून झालेल्या अन्यायाची भरपाई कर्मचारी अनेकदा अप्रत्यक्ष मार्गाने करतो. उघड विरोध धोक्याचा असल्याने कामाचा वेग मंदावणे, माहिती स्वतःपाशी ठेवणे, नियमांवर बोट ठेवून काम अडवणे, सहकाऱ्याला स्वेच्छेने केली जाणारी मदत थांबवणे अशी त्याची रूपे असतात. गॅलप या सर्वेक्षण संस्थेने २०१५ साली केलेल्या मांडणीनुसार वेगवेगळ्या कार्यगटांतील कर्मचाऱ्यांच्या कामातील समरसतेत जी तफावत आढळते, तिच्यापैकी किमान ७० टक्के तफावतीचा संबंध व्यवस्थापकाशी जोडता येतो.

नवनिर्मितीवर होणारे परिणाम

नवी कल्पना मांडणे ही संबंधित व्यक्तीच्या दृष्टीने जोखमीची कृती असते. कल्पना फसण्याची शक्यता असते, तिच्यामुळे प्रचलित पद्धतीवर टीका होते आणि बहुधा ती पद्धत वरिष्ठानेच घालून दिलेली असते. त्यामुळे प्रेरणेच्या घसरणीचा पहिला फटका नवनिर्मितीला बसतो. ठरलेले काम भीतीच्या जोरावर करून घेता येते, परंतु कोणाला काय सुचले आहे हे वरिष्ठाला ठाऊकच नसल्याने ते मागून घेता येत नाही.

गप्प बसण्याची संस्कृती : एलिझाबेथ मॉरिसन आणि फ्रान्सेस मिलिकेन यांनी २००० साली संघटनात्मक मौनाची संकल्पना मांडली. बोलून उपयोग नाही आणि बोलणे धोक्याचे आहे, या दोन समजुती संस्थेत रुजल्या की अडचणींची माहिती असूनही कर्मचारी ती वरपर्यंत पोहोचवत नाहीत. वरिष्ठांना मात्र सर्व सुरळीत असल्याचा भास होतो.

मानसशास्त्रीय सुरक्षितता : शंका विचारल्याने, चूक कबूल केल्याने किंवा वेगळे मत मांडल्याने आपली मानहानी होणार नाही, हा गटातील सामायिक विश्वास म्हणजे मानसशास्त्रीय सुरक्षितता. एमी एडमंडसन यांनी १९९९ साली या संकल्पनेचा कार्यगटांच्या शिकण्याच्या प्रक्रियेशी असलेला संबंध दाखवून दिला. त्याआधी रुग्णालयांतील औषधविषयक चुकांचा अभ्यास करताना त्यांना एक अनपेक्षित गोष्ट आढळली होती. चांगले नेतृत्व आणि परस्परसंबंध असलेल्या विभागांमध्ये चुकांची नोंद कमी नसून अधिक होती. तेथे चुका अधिक होत नसून त्या मोकळेपणाने सांगितल्या जात होत्या, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. धाकाच्या वातावरणातील कमी चुकांची नोंद ही अनेकदा लपवलेल्या चुकांची नोंद असते.

विचारशक्तीवरील ताण : क्रिस्टीन पोराथ आणि अमीर एरेझ यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांमध्ये उद्धट वागणुकीस सामोरे गेलेल्या सहभागींनी शब्दकोडी सोडवण्यात कमी यश मिळवले. विटेचे निरनिराळे उपयोग सुचवण्यासारख्या सर्जनशील कामातही ते मागे पडले. इस्राएलमध्ये नवजात अतिदक्षता विभागांतील २४ वैद्यकीय चमूंवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आजारी बालकावरील उपचारांच्या सरावादरम्यान काही चमूंना एका बाहेरच्या तज्ज्ञाने अवमानकारक शेरे ऐकवले. या चमूंची निदानाची आणि प्रत्यक्ष उपचारांची गुणवत्ता इतरांपेक्षा खालावली. माहिती एकमेकांना सांगणे आणि मदत मागणे कमी झाल्याने हा फरक पडल्याचे संशोधकांनी नोंदवले.

झिरपत जाणारा परिणाम : दाँग लिऊ, हुई लियाओ आणि रेमंड लोई यांच्या २०१२ सालच्या अभ्यासानुसार विभागप्रमुखाचे जाचक वर्तन गटप्रमुखांकडून अनुकरले जाते आणि अखेरीस गटातील सदस्यांची सर्जनशीलता घटते. म्हणजेच एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या वर्तनाचा परिणाम त्याच्याशी कधीही प्रत्यक्ष संबंध न आलेल्या कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचू शकतो.

नोकियाचे उदाहरण

भीतीमुळे नवनिर्मिती कशी खुंटते याचे बहुचर्चित उदाहरण म्हणजे फिनलंडमधील नोकिया ही कंपनी होय. २००७ साली आयफोन बाजारात आला तेव्हा नोकिया ही जगातील सर्वांत मोठी मोबाइल उत्पादक कंपनी होती. तिच्याकडे कुशल अभियंते, भांडवल आणि संशोधनाची परंपरा होती. तरीही काही वर्षांतच स्मार्टफोनच्या स्पर्धेत ती मागे पडली. तिने मोबाइल व्यवसाय मायक्रोसॉफ्टला विकण्याचे २०१३ साली जाहीर केले आणि २०१४ साली हा व्यवहार पूर्ण झाला.

टिमो वुओरी आणि क्वी ह्यू यांनी कंपनीतील वरिष्ठ व मध्यम स्तरावरील व्यवस्थापक, अभियंते आणि बाहेरील तज्ज्ञ अशा ७६ जणांच्या मुलाखती घेऊन २००५ ते २०१० या काळाचा अभ्यास केला. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या मते कंपनीत दोन स्तरांवर दोन वेगळ्या भीती होत्या. सर्वोच्च नेतृत्वाला प्रतिस्पर्ध्यांची आणि भागधारकांची भीती वाटत होती, तर मध्यम स्तरावरील व्यवस्थापकांना स्वतःच्या वरिष्ठांची. काही वरिष्ठ अधिकारी तापट म्हणून ओळखले जात. सिम्बियन या कार्यप्रणालीतील उणिवा खालच्या स्तरावर ठाऊक होत्या, परंतु वाईट बातमी सांगणाऱ्यावर ठपका बसत असल्याने वर जाणारे अहवाल आशादायक राहिले. या अहवालांवर विसंबून नेतृत्वाने आणखी अवघड मुदती ठरवल्या. दीर्घकालीन कार्यप्रणालीच्या विकासासाठी लागणारे मनुष्यबळ लवकर विकता येतील अशा फोनकडे वळवण्यात आले. अशा रीतीने प्रत्येक स्तरावरील व्यक्ती स्वतःपुरती सावध वागत असताना संस्था एकूणात चुकीच्या दिशेने गेली. नोकियाच्या घसरणीची तंत्रज्ञानविषयक आणि बाजारपेठेशी संबंधित अन्य कारणेही अभ्यासकांनी सांगितली आहेत.

आरोग्यावरील परिणाम

लंडनमधील शासकीय कर्मचाऱ्यांवर १९८५ साली सुरू झालेल्या ‘व्हाइटहॉल २’ या दीर्घकालीन अभ्यासात १०,३०८ जण सहभागी झाले. स्वतःच्या कामावर कमी नियंत्रण असलेल्या कर्मचाऱ्यांमध्ये हृदयरोगाचा धोका अधिक असल्याचे त्यातून दिसून आले. स्टॉकहोम परिसरातील ३,१२२ पुरुष कर्मचाऱ्यांच्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांनी आपल्या वरिष्ठाच्या नेतृत्वाला चांगले गुण दिले होते त्यांच्यात हृदयरोगाचे प्रमाण कमी आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउट अर्थात कामजन्य थकवा याची नोंद आजार म्हणून नव्हे, तर व्यवसायाशी निगडित घटना म्हणून केली आहे.

कारणे

व्यवस्थापकाचा स्वभाव हे खच्चीकरणाचे एकमेव कारण नाही. उत्तम तांत्रिक काम करणाऱ्या व्यक्तीला बक्षीस म्हणून व्यवस्थापक केले जाते, परंतु माणसे सांभाळण्याचे प्रशिक्षण दिले जात नाही. स्वतःच्या वरिष्ठाकडून येणारा दबाव, अवास्तव मुदती, अपुरे मनुष्यबळ आणि झोपेचा अभाव यांमुळेही वर्तन बिघडते. केवळ तिमाही आकडेवारीवर व्यवस्थापकाचे मूल्यमापन होत असल्यास आकडे गाठण्यासाठी माणसे कशी वापरली गेली, हे कोणी तपासत नाही. कर्मचाऱ्यांची सक्तीने क्रमवारी लावण्याच्या पद्धतीमुळे सहकारी एकमेकांचे स्पर्धक बनतात, अशी टीका होत आली आहे. मायक्रोसॉफ्टने ही पद्धत २०१३ साली बंद केली.

कायदेशीर तरतुदी

स्वीडनने १९९३ साली कामाच्या ठिकाणच्या मानसिक छळाविरुद्ध नियम केले. फ्रान्समध्ये २००२ पासून मानसिक छळ हा गुन्हा आहे. फ्रान्स टेलिकॉम या कंपनीत २००६ नंतरच्या पुनर्रचनेत सुमारे २२,००० कर्मचाऱ्यांनी स्वतःहून बाहेर पडावे यासाठी दबावाचे धोरण राबवल्याच्या खटल्यात ३९ कर्मचाऱ्यांची प्रकरणे तपासली गेली. त्यांपैकी १९ जणांनी आत्महत्या केली होती. डिसेंबर २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने कंपनी आणि तिच्या माजी प्रमुखांना संस्थात्मक मानसिक छळाबद्दल दोषी ठरवले. जपानमध्ये २०१९ साली केलेल्या कायद्यानुसार अधिकाराच्या जोरावर होणारा छळ रोखण्याची जबाबदारी मालकांवर टाकण्यात आली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा कामाच्या ठिकाणची हिंसा व छळ यांविषयीचा करार क्रमांक १९० हा २०१९ साली स्वीकारला गेला आणि २५ जून २०२१ पासून अमलात आला.

भारतात कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. तथापि लैंगिक स्वरूपाच्या नसलेल्या मानसिक छळाला तो लागू होत नाही. शासकीय सेवेत वरिष्ठाने लिहिलेला गोपनीय अहवाल हे बढतीवर परिणाम करणारे प्रभावी साधन राहिले आहे. देवदत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली अशा अहवालातील प्रत्येक शेरा संबंधित कर्मचाऱ्यास कळवला पाहिजे, असा निर्णय दिला. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत मांडलेल्या खासगी विधेयकात कामाच्या वेळेनंतर वरिष्ठांच्या फोन वा ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क प्रस्तावित होता.

उपाययोजना

गूगलने २००८ साली सुरू केलेल्या ‘प्रोजेक्ट ऑक्सिजन’ या अंतर्गत अभ्यासात व्यवस्थापकांच्या गुणांची क्रमवारी लावली असता मार्गदर्शन करणे आणि अतिनियंत्रण टाळणे हे गुण तांत्रिक कौशल्याच्या वर आढळले. टोयोटाच्या कारखान्यांत दोष दिसताच दोरी ओढून मदत मागण्याचा आणि गरज पडल्यास उत्पादन थांबवण्याचा अधिकार साध्या कामगारालाही असतो. वाईट बातमी सांगणाऱ्याला शिक्षा न होता मदत मिळते, हे त्यामागील तत्त्व आहे.

संस्थांसाठी सुचवले जाणारे अन्य उपाय असे : व्यवस्थापकाच्या मूल्यमापनात त्याच्या हाताखालील कर्मचाऱ्यांचे मत विचारात घेणे, वरिष्ठाला वगळून तक्रार करता येईल अशी यंत्रणा ठेवणे, व्यवस्थापक न होताही तज्ज्ञ म्हणून बढती मिळण्याची सोय करणे, आणि बैठकीत वरिष्ठाने आपले मत शेवटी मांडणे. व्यक्तिगत पातळीवर कर्मचाऱ्याने घटनांची तारीखवार नोंद ठेवणे, विश्वासू सहकाऱ्यांशी बोलणे आणि शक्य असल्यास अंतर्गत बदली मागणे हे मार्ग सुचवले जातात. तथापि, सत्तेचा समतोल कर्मचाऱ्याच्या बाजूने नसल्यामुळे केवळ व्यक्तिगत उपाय अपुरे ठरतात.

मर्यादा व टीका

या क्षेत्रातील बहुतेक अभ्यास प्रश्नावलींवर आधारित आहेत. वरिष्ठाचे वर्तन आणि स्वतःची प्रेरणा या दोन्हींविषयी एकाच व्यक्तीने दिलेली उत्तरे परस्परांवर प्रभाव टाकू शकतात. कार्यकारणाची दिशाही सदैव स्पष्ट नसते : जाचामुळे काम खालावते, तसेच खालावलेल्या कामामुळे वरिष्ठ जाचक बनण्याचीही शक्यता असते. अधिकाराचे अंतर स्वाभाविक मानणाऱ्या समाजांत तेच वर्तन कमी जाचक वाटू शकते, परंतु त्यामुळे त्याचे दुष्परिणाम नाहीसे होतात असे नाही. धाकामुळे अल्पकाळ काम वाढल्याची उदाहरणे देऊन काही जण कठोर नेतृत्वाचे समर्थन करतात. त्यावर, अशा मोजमापात न सांगितलेल्या चुका आणि न मांडलेल्या कल्पना यांची नोंद होत नाही, असा आक्षेप घेतला जातो.

हे सुद्धा पहा

औद्योगिक मानसशास्त्र
नेतृत्व
स्वयंनिर्णय सिद्धान्त
मानसशास्त्रीय सुरक्षितता
मानव संसाधन व्यवस्थापन